सातवी सीट बॅगांची

रविवारी संध्याकाळी आमच्या उचगावच्या घरात अख्खं जंगल भरलं होतं… मोबाइलवर. मुलगा, सून, दोन्ही नातवंडं सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेली, आणि समोर मी शेंगा फोडत. कुणी गवा दाखवतंय, कुणी शेकरू… मला कुणी काही दाखवेना.

दिवाळीच्या सुट्टीत जांबोटीच्या पुढं अभयारण्य बघायला जायचं ठरत होतं. मुक्काम माझ्या धाकट्या बहिणीकडं, सुमीकडं. तिचं गाव जंगलाला अगदी खेटून… अंगणात उभं राहिलं की समोर डोंगर. माझी नातवंडं तिला जंगलआजी म्हणतात. मी नुसतीच आजी.

खरं सांगते, मी जळते तिच्यावर. या वयात लपवून काय करू… उन्हाळ्यात माझी नात तिकडं जाऊन आली नि सुमीचे फोटो फेसबुकवर टाकले. चुलीपुढं सुमी, फणसाखाली सुमी, वासराला कुरवाळताना सुमी. लोकांनी बदामावर बदाम पाठवले. मी या घरात जन्मभर भाकऱ्या थापल्या, माझ्या तव्याचा फोटो आजवर कुणी काढला नाही.

आणि खरी ठसठस वेगळीच आहे… ते घर आधी मला सांगून आलं होतं.

माझं माहेर खानापूरकडचं. चौथीनंतर शाळा सुटली, आणि पुढं काही वर्षांनी त्या जंगलातल्या गावाचे पाहुणे मला बघायला आले. तेव्हा तिकडं बस आली तर आली, नाहीतर चाला. पावसाळ्यात पायाला जळवा, गोठ्यापर्यंत अस्वल… मी मनात म्हटलं, जीव गेला तरी तिथं नांदायला जाणार नाही.

बघायला आले की पोरीला चालून दाखवायला लावायची तेव्हा रीत होती. मी चालून दाखवलं… लंगडत.

पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तेवढ्यात सुमी पाण्याचे तांबे घेऊन आली, आणि तिचंच जमलं. वर्षाच्या आत मला उचगाव मिळालं. सडकेचं गाव, बेळगाव जवळ… मी जिंकले म्हणून कितीतरी वर्षं मिरवलं.

आता गंमत बघा. माझे गुडघे खरंच गेलेत. नाटक नाही, खरोखरची लंगडते… आणि त्याच पायापायी मला जंगलात न्यायचं कुणाच्या मनात नाही. सून म्हणाली, “आत्ती, तुमच्या गुडघ्यास्नी ती वाट झेपायची न्हाय. तुम्ही आराम करा.” आराम म्हणजे कुलूप लावायला नको म्हणून माणूस.

गाडी सात सीटची. सुनेचा भाऊ-भावजय धरून माणसं सहा. मी विचारलं, सातवी कुणाची? मुलगा म्हणाला, “आई, ती बॅगांची गं.”

बॅगांना गुडघे नसतात, नशीब त्यांचं.

मी शेंगा फोडत राहिले, पण डोकं चालूच होतं. यंदा पाऊस रेंगाळलाय, म्हणजे जळवा असणारच. निपाणीची तंबाखू नि चुना पाण्यात कालवून पायाला चोळला की जळू चिकटत नाही, हे त्या सगळ्यांत एकट्या मला ठाऊक. सांगितलं नाही. म्हटलं, चावू देत…

मग नातीनं सुमीला फोन लावला, स्पीकरवर. “जंगलआजी, येताना तुला काय आणू?”

“काय नगं गं बाई. जाताना मला घिऊन जावा. आठ दिस ताईकडं ऱ्हाते.” आणि मग सुमी जी सुटली… “तिकडं नळ फिरवला की पाणी. दारात बस, दारात डॉक्टर. हितं फोन लागाय टेकाडावर चढाय लागतंय, आत्ता बी तितंच बसलीय. लोकं येत्यात, फोटो काढत्यात, लई भारी म्हणत्यात आन संध्याकाळी आपापल्या घरला जात्यात. समदं सुख ताईनं नेलं बघ.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. इतकी वर्षं मी हिच्यावर जळतेय… आणि ही तिकडं माझ्यावर!

“ताई हाय का तितं?” तिनं विचारलं. मी ‘हाय की’ म्हटल्यावर म्हणाली, “तवा तू खोटंच लंगडलीस ते मला ठावं होतं. त्याच सकाळी दोन घागरी घिऊन हिरीवरनं पळत आलतीस की.”

मी म्हटलं, “मग तवाच का बोलली न्हाईस, भवाने?”

“नवरा दिसाय बरा होता. म्हटलं, ऱ्हाऊ दे.”

सगळं घर हसलं. मला हसू आलं ते मी शेंगांच्या सुपात लपवलं.

फोन ठेवल्यावर मी मुलाला सांगून टाकलं, बॅगा टपावर बांध. जाताना सातव्या सीटवर मी, येताना सुमी. आठ दिवस मी तिच्या अंगणात, ती माझ्या हॉलमध्ये. नंतर तू तिला सोडायला ये नि मला घेऊन जा. तुम्ही जंगलात फिरा खुशाल… खुर्चीवर बसून डोंगर बघायला गुडघे लागत नाहीत. सुनेचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तंबाखू-चुन्याची पुडी बांधून ठेवलीय. सगळ्यांना पुरेल एवढी… सुनेच्या भावालासुद्धा.

आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते मात्र सुमीला सांगितलेलं नाही. तिनंही तिकडचं काही ना काही माझ्यापासून झाकलं असणारच. आठ दिवसांनी बघू, कोण कुणावर जळतंय…

या वयात जळायला हक्काची बहीण आहे, हे काही कमी नाही.