मरतानाचं वाजवा

आप्पा, म्हणजे माझे वडील, सॅक्सोफोन वाजवायचे. तरुणपणी गोव्यातल्या हॉटेलांत परदेशी पाहुण्यांपुढे त्यांनी जॅझ वाजवलं आणि लग्न होऊन बेळगावात आल्यावर वरातीत नाचणाऱ्यांना हवी ती गाणी. जॅझ उरलं ते घरापुरतं. तिथल्या वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना विणकरांचे माग होते. ते बंद झाले की आप्पा वाजवायला बसत. शिकायला कधी कुणी आलं नाही.

धाकटा भाऊ बेंगळुरूला, कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला. त्यांचा नवा गेम कुठल्याशा दूरच्या ग्रहावरच्या लढाईचा होता. तिथल्या खाणकामगारांच्या खानावळीत एक म्हातारा यंत्रमानव असतो. पृथ्वी कधीच संपलेली, तिचं संगीत फक्त त्याला येतं. त्याच्यासाठी भावाने आप्पांना रेकॉर्डिंगला बोलावून घेतलं. आप्पांनी दिवसभर वाजवलं, गोव्यापासून जपून ठेवलेलं सगळं. संध्याकाळी त्यांचा दम तुटला, सूर फाटला आणि बाजा तोंडात असतानाच खोकल्याची उबळ आली. तेवढं पुसून टाक, असं त्यांनी भावाला बजावलं. तो व्हय म्हणाला.

गेम बाजारात आला तेव्हा भावाने घरी येऊन तो टीव्हीवर लावला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. यंत्रमानव दिसला. त्याचा डावा खांदा आप्पांसारखाच उतरलेला होता. बघ, खांदासुद्धा माझाच घेतलाय, असं ते आईला म्हणाले. खानावळीत भलतंच कसलं तरी धडाधड संगीत चाललं होतं. मग भावाच्या सैनिकाने यंत्रमानवाला गोळी घातली, आणि तो फाटका सूर, तो खोकला आमच्या खोलीत घुमला. यंत्रमानव उठून बसला. पुन्हा गोळी, पुन्हा खोकला. भाऊ कौतुकाने सांगत होता, लोकांना हेच लई आवडलंय, मुद्दाम परत येऊन मारतात.

आई उठून आत गेली.

“बाकीचं कुठाय?” आप्पांनी विचारलं.

“ते घेतलं न्हाय. चांगलं वाजवणारे कितीबी मिळतात, आप्पा. असला आवाज न्हाय मिळत.”

आप्पा टीव्हीकडे बघत राहिले. भाऊ खेळत राहिला.

त्यानंतर आप्पा दिसले की गल्लीतली पोरं छातीवर हात ठेवून खोकत कोसळायची. आप्पा मागच्या बोळाने दुकानाला जाऊ लागले. सॅक्सोफोन कपाटावर गेला.

एकदा निपाणीहून एक तरुण पत्ता विचारत आला. रीतभात असलेला, चपला बाहेर काढून आत आलेला. गेममधला खरा माणूस इथं राहतो असं त्याला कळलं होतं. आप्पांनी बाजा खाली काढला, पुसला आणि त्याच्यासाठी एक संथ धून धरली. आई दारात येऊन उभी राहिली. तरुणाने मोबाइल समोर धरला होता. थोड्या वेळाने तो खाली केला.

“हे न्हाय, काका. ते मरतानाचं वाजवा.”

आप्पांनी वाजवलं. तरुण ओशाळून म्हणाला, रेकॉर्डच झालं नाही, अजून एकदा करता का? दुसऱ्या वेळी त्यांना खोटं खोकावं लागलं नाही. उबळ थांबेना, आई पाठ चोळत राहिली. तरुणाने ते सगळं टिपून घेतलं, आप्पांच्या पाया पडला आणि बाहेर येऊन मला खडेबाजारची वाट विचारली. मी सांगितली.