घमापुरातल्या घरातला वास

घमापुरातलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. हिंदी मुलखातल्या त्या भागाच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. दुपारी डायरी बघत बसलो असताना पन्नाशीचा एक गृहस्थ आत आला. ठाण्याच्या नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीशी तो हिंदीत बोलत होता. माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि मराठीवर आला.

त्याची म्हातारी आई खोलीत मरून पडलेली सापडली होती. ती राहायची त्याच्या धाकट्या भावाच्या विधवेजवळ. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. पुढचा भाग याचा, मागचा तिचा.

"तिनं आईला काहीतरी खाऊ घातलं, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "आईच्या हातातलं चांदीचं कडं काळं पडलंय. आपले लोक म्हणून तुम्हाला सांगून राहिलो."

'आपले लोक' म्हणत येणारा माणूस बहुधा काहीतरी पदरात पाडून घ्यायला आलेला असतो. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, आमच्याकडे तिला मर्ग म्हणतात, आणि महिला हवालदाराला घेऊन निघालो.

दार-खिडकी उघडून बराच वेळ झाला होता, तरी खोलीत वास होता. प्रेताचा वास मला कळतो, तो कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. हा तसा नव्हता. सडक्या अंड्यांसारखा होता आणि कोपऱ्यातल्या, वापरात नसलेल्या कोरड्या मोरीतून येत होता. म्हातारीच्या मनगटावरचं कडं खरंच काळं होतं. पण त्याच खोलीतल्या देवघरातली चांदीची अन्नपूर्णाही काळी ठिक्कर पडली होती. बाहेरच्या कपाटातली चांदीची वाटी मात्र लख्ख. सुनेनं सासूला विष दिलं असेल, पण देवाला कोण देतं? पंचनाम्यात तिन्ही वस्तू लिहून घेतल्या.

सून शाळेत शिकवायची. तिचं बयान स्वयंपाकघरातच घेतलं. तिला अजून गरगरत होतं; शाळेतून आल्यावर त्या खोलीत शिरली तेव्हाच तिचा तोल गेला होता. दिवाळीपासून घरात वास येत होता, असं तिनं सांगितलं. प्लंबर येऊन गेले, फिनाइल ओतून झालं, नगर निगममध्ये तक्रार झाली. शेजारणी म्हणायच्या, दीदी, सफाई ठेवत जा. सासूला मळमळायचं, हिचं डोकं दुखायचं. संडासाला लागून तेवढी एकच खोली होती आणि म्हातारीला चालवत नव्हतं, म्हणून तिला तिथून हलवता आलं नाही. जेठांना, म्हणजे या थोरल्या भाऊजींना, सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या भागाचं तू बघ.

सेप्टिक टँक कुठं आहे, असं मी विचारलं.

"भाऊजींच्या अंगणात. दोन्ही घरांचा एकच आहे."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या भागात गेलो. अंगणात नव्या खोलीचा जिना अर्धवट उभा होता. टाकीतला गॅस वर सोडणारा उंच पाइप असतो, तो कुठं दिसेना. भिंतीवर त्याच्या पट्ट्यांच्या खुणा होत्या. चेंबरच्या झाकणाभोवतीचं सिमेंट ताजं होतं.

त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला आणि बोलू दिलं. बराच वेळ तो फक्त भावजयीबद्दल बोलला. मग मी पाइपाचं विचारलं.

जिन्याच्या मधे येत होता म्हणून काढला, असं तो म्हणाला. तोंड सिमेंटनं बंद केलं. चेंबरचं झाकणही आई गेली त्याच्या आदल्या दिवशी पक्कं करून घेतलं, कारण वास आता त्याच्याकडेही यायला लागला होता.

"मग तो जाणार कुठं होता?" मी विचारलं.

"वासाला कंटाळून ती घर सोडेल, असं वाटलं होतं," तो म्हणाला. "आईला मी म्हटलं होतं, माझ्याकडे ये. नाही आली. काहून नाही आली, साहेब?"

मी मुन्शीला बयान लिहून घ्यायला सांगितलं.

व्हिसेऱ्यात विष निघालं नाही. म्हातारी टाकीतून मोरीवाटे आलेल्या गॅसनं गेली होती. मुलाचा हेतू किती आणि निष्काळजीपणा किती, यावर सरकारी वकिलांशी बरीच चर्चा झाली. आईला मारायचं त्याच्या मनात नव्हतं, हे मलाही पटलं होतं. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं आरोपपत्र दाखल झालं आणि त्याला शिक्षाही झाली.

त्या खटल्यात साक्ष द्यायच्या आधी सून एकदा ठाण्यात आली होती. एक गोष्ट तिला कळत नव्हती.

"त्या सकाळी मी उठवायला गेले तर आई म्हणाल्या, आज वास नाही गं. खूप दिवसांनी चहा मागून घेतला त्यांनी. गारठा होता. माझं नाक सर्दीनं बंद होतं. वास गेला म्हणतायत तर खिडकी लावून देते, म्हटलं, आणि शाळेत गेले. वासच नव्हता, तर गॅस आला कुठून?"

याचं उत्तर डॉक्टरांनी मला दिलेलं होतं. हा गॅस वाढला की आधी नाक मरतं. माणसाला वाटतं, वास गेला. मी गप्प बसू शकलो असतो, पण बचावाचा वकील तिला हेच भर कोर्टात विचारणार होता. मी सांगितलं.

ती बाकावर बसली. रडली नाही. महिला हवालदारानं आणलेलं पाणी तिनं हातात घेतलं, ते तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. शाळेत जाताना."

या प्रकरणानंतर नोकरी उरली होती तोवर एक नेम पाळला. रोज तक्रार घेऊन येणारा माणूस अचानक यायचा थांबला, की ठाण्यात सगळे सुटकेचा नि:श्वास टाकत. मी मात्र गाडी काढायला सांगायचो आणि आधी त्याच्या घरी जाऊन यायचो.