लाल पोराचं वजन

आमच्या अंगणवाडीच्या बाई सरळमार्गी. खिचडीतली मूठभर डाळ घरी न्यायला त्यांचा हात कधी धजला नाही. मी त्यांची मदतनीस, म्हणून छातीठोकपणे सांगते. अशा बाईला खोटेपणा कुणी शिकवला ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

वजन फारच कमी असलं की मोबाईलमध्ये पोराच्या नावापुढे लाल रंग येतो, ठीक असलं की हिरवा. तालुक्याला, वडवणीच्या बैठकीत अंगणवाड्यांचे साहेब गरजले, "ज्यांच्या गावात अजून लाल आहे, त्यांनी उभं राहायचं." बाई उभ्या राहिल्या, बैठक संपेपर्यंत. केस पिकलेली बाई, शिक्षा झालेल्या पोरीसारखी! "पुढच्या वेळी लाल दिसलं तर घरी बसा." लेकराला काय हवंय, हे कुणी चुकूनही विचारलं नाही. रंग तेवढा बदला म्हणे. पोर मेलं तरी चालेल, हिरवं मरू द्या!

आमच्याकडे लाल एकच होता. ऊसतोडीच्या घरातला, अजून धड उभाही न राहणारा. वजनाच्या दिवशी बाईंनी त्याला पेल्यावर पेला पाणी पाजलं, भर दुपारी स्वेटर चढवला, पायात जाड वाळे अडकवले आणि काट्यावर बसवलं.

"बाई, कावून करता असं?" मी विचारलं.

"मंग काय, पुन्हा उभी राहू सगळ्यांपुढं? काम गेलं तर माझी चूल तू पेटवणार हायस का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

लाल राहिला असता तर त्याला आईसकट दवाखान्यात ठेवून, खाऊ घालून, अंगावर मांस चढल्यावरच घरी सोडणार होते. आता तो हिरवा झाला. संध्याकाळी त्याची आई साखर घेऊन आली आणि पहिली चिमूट बाईंच्या हातावर ठेवली.

"तुमच्यामुळं झालं, बाई. लई घोर होता मला, याला उसाच्या फडावर न्यावं का न्हाई. आता नेते संगं."

बाईंनी ती चिमूट तोंडात टाकली. सकाळी मात्र त्या चप्पल न घालताच तिच्या घराकडे धावल्या, मागे मी. दाराला कुलूप होतं. ऊसतोडीचा ट्रक पहाटेच निघून गेला होता.

पुढच्या बैठकीत साहेबांनी बाईंना पुन्हा उभं केलं. या वेळी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला.