सुबाभळीच्या ओळींची अदलाबदल

मी बोलते, नात लिहिते. चुकलं तर तिला बोला.

आज सकाळी पोरानं मलबार निंबाची विरळणी काढली. दाट झालेली झाडं तोडायची, म्हणजे बाकीची पोसतात.

"आई, दाट ठेवलं तर एकबी जाड व्हायचं न्हाय."

"तुमी भावंडं बी दाटच वाढलाव की. म्या कुणाला तोडलं का?"

हसला, पण कुऱ्हाड थांबली न्हाय. त्या रोपांना माझ्या हातचं पाणी हाय, म्हणून मी बांधावर पाठ फिरवून बसले.

दुष्काळानंतर गावच्या सोसायटीनं माळावर सुबाभूळ लावली, तवा आमी बायका घागरीनं पाणी घालायचो. जिची तिची ओळ ठरलेली. विरळणी आली अन् आपल्या ओळीवर कुणाचाच हात उठंना. शेजारीण सुंदरा म्हणली, "माझी तू तोड, तुझी मी तोडते. डोळं पुसायचं काम न्हाय." मग सगळ्याच बायकांनी ओळी बदलल्या, अन् एकमेकींची झाडं लई हसत तोडली.

सुंदरा जाऊन लई वर्सं झाली.

पोरानं इचारलं, "आई, रडतीस का?"

म्हणलं, "न्हाय रं. सुंदरा यायची वाट बघते."

तुमच्याकडं हाय का अशी कुणी, जी तुमच्या वाटचं अवघड काम आपल्या अंगावर घेती?