शिडीला आलेल्या मुंग्या

पोहून बाहेर येताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने स्टीलच्या शिडीला हात लावला आणि म्हणाली, "ममा, शिडी टिकलिंग ला." हाताला मुंग्या येतात हे ती इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' लावून सांगत होती, हसत होती. मी मात्र तिला हाताला न धरता ओरडून सांगितलं, शिडी सोड, पायऱ्यांकडून बाहेर ये.

सिंगापूरला आल्यावर आम्ही हे छोटा स्विमिंग पूल असलेलं घर भाड्याने घेतलं, ते तिच्याच हट्टापायी. मी आता चांगीला बँकेत सॉफ्टवेअर बघते, पण शिक्षण पुण्यात इलेक्ट्रिकलचं झालंय. मी आत जाऊन मेन बोर्डवरच्या, शॉक बसायच्या आत वीज तोडणाऱ्या ब्रेकरचं टेस्ट बटण दाबलं. घरातले दिवे, पंखे, फ्रिज, सगळं बंद पडलं. बाहेर स्विमिंग पूलचा पंप तसाच घरघरत राहिला. कुणीतरी पंपाची वायर ब्रेकरला वळसा घालून थेट जोडली होती.

घरमालक सत्तरीचे चिनी अंकल. फोनवर ते शांतपणे म्हणाले की पंप सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून त्यांच्या माणसाने तसं करून दिलं. आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नव्हती. मी पंप बंद केला आणि त्याच्या स्विचच्या डब्याला माझ्या बॅगेचं कुलूप घातलं.

पंपाशिवाय पाणी गाळलं जाईना, आठवड्यात ते हिरवं झालं. मुलीचा वाढदिवस तोंडावर, वर्गातली मुलं पोहायला येणार होती. नवरा म्हणाला, "इथे आपण भाडेकरू आहोत. किती ताणायचं?" मी म्हटलं, कुलूप निघणार नाही. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग अंकल स्वतः आले, सोबत तोच माणूस, हातात पक्कड. घर माझं आहे, कुलूप काढा, असं त्यांनी बजावलं. किल्ली माझ्या मुठीत होती.

"काढते," मी म्हटलं. "पण पंप चालू झाल्यावर त्या शिडीला पहिला हात तुम्ही लावायचा. नाहीतर यांनी."

अंकलनी त्या माणसाकडे पाहिलं. तो खाली बघत पक्कड पिशवीत ठेवू लागला. अंकल कुलपाला हात न लावता परत गेले.

दोन दिवसांनी त्यांनी पाठवलेला, लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन आला. पंपाच्या जोडणीत पाणी शिरलं होतं आणि अर्थिंगची तार गंजून तुटली होती. त्याने पंप बदलायला लावला, त्याला बोर्डपासून स्वतंत्र लाइन दिली, तिच्यावर वेगळा ब्रेकर बसवला आणि शिडीलाही अर्थिंग जोडलं. वाढदिवस तोवर पिझ्झावर साजरा झाला होता.

अंकलनी करार पुढे वाढवला नाही. आम्ही बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅट बघायला गेले तेव्हा एजंट खिडकीतला व्ह्यू दाखवत होता. मी आधी बोर्ड उघडायला सांगितला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी टेस्ट बटण दाबलं आणि सगळं बंद पडल्यावरच व्ह्यू बघायला वळले.