मामांनी काशीला काय सोडलं

आजारी माणसाच्या खाटेजवळ जेवढे किस्से जमतात तेवढे लग्नाच्या मांडवातही जमत नाहीत. भेटायला आलेला माणूस "कसं वाटते आता?" असं विचारतो, "बरं हाये" असं उत्तर मिळतं, आणि त्यापुढे कोणालाच काही सुचत नाही. मग कोणीतरी जुनं काहीतरी काढतं. माझ्या आजोळी, करडीला, ते जुनं फिरून फिरून खाण्यावरच येतं. मी शहापूरला बियाण्यांचं दुकान चालवतो आणि रोजच्या रोज डायरी लिहितो. तेव्हा हे किस्से ज्या क्रमानं ऐकले, त्याच क्रमानं सांगतो.

खाटेवर मोठे मामा होते. ताप उतरला होता, पण जेवण सुटलं ते सुटलंच. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं होतं: मऊ भात आणि लवकी, म्हणजे दुधी भोपळा. मामांचा मुलगा प्रकाश आणि सून सुनंदा, दोघंही मनापासून करत होते. लवकीची पातळ भाजी, वरणात लवकी, खिचडीत लवकी.

"आईले लवकी आवडत नव्हती वाटते," प्रकाश मला म्हणाला. "ती होती तोवर घरात कधी शिजलीच नाही."

मामा वाटीत डोकावायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. चहा आणि भाताची पेज, एवढ्यावर माणूस चाललेला. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "सोमवारपर्यंत जेवले नाहीत तर भंडाऱ्याला भरती करू. नाकातून नळी टाकावी लागेल."

मामा एवढंच म्हणाले, "मले करडीतून हलवू नका."

प्रकाशनं मग येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, "बाबाच्या तोंडाले पानी सुटलं पाहिजे. खान्याच्याच गोष्टी करा!"

*

पहिला किस्सा माझ्या आजोबांचा. हा मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे.

आजोबांना तलावातले घोंगे, म्हणजे शंखातल्या गोगलगायी, आवडायचे. काठाच्या चिखलात पाय फिरवत चालायचे, पायाला घोंगा लागला की वाकून उचलायचे, धोतराच्या सोग्यात टाकायचे. घरी उकडून, मसाल्यात शिजवून एकेक तोंडाला लावून ओढायचे. तो आवाज चार घरांपर्यंत ऐकू जायचा.

गावात नवे गुरुजी आले होते, पुण्याकडचे. आजोबांनी त्यांना जेवायला बोलावलं आणि कौतुकानं घोंग्यांचं ताट पुढे केलं. गुरुजी पाटावरच मागे सरकले.

"क्षमा करा, मी शाकाहारी आहे."

आजोबांनी एक घोंगा उचलून नीट न्याहाळला. "घ्या गुरुजी," ते म्हणाले, "हा बी शाकाहारीच हाये. जल्मभर शेवाळच खाल्लं यानं!"

मामांच्या ओठाचा कोपरा हलला. सुनंदानं लगेच वाटी पुढे केली. मामा भिंतीकडे वळले.

*

दुसरा लाल मुंग्यांचा. मामांचे एक काका होते. झाडावर पानं चिकटवून मुंग्या घरटं करतात, ते घरटं काठीनं पाडून, मुंग्या अंड्यांसकट पाट्यावर वाटून ते चटणी करायचे. मिरची, मीठ, लसूण. सर्दी-तापावर याच्यासारखं औषध नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचा नागपूरचा जावई पहिल्या खेपेला आला. चटणी त्याला फार आवडली. मागून घेतली, परत मागून घेतली. बोटं चाटत त्यानं सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, आंबटपणा कशाचा? चिंच का?"

"नाही, मुंग्या."

जावयानं हातातली पोळी ताटात ठेवली. "अगोदर तरी सांगायचं होतं," तो म्हणाला.

"जावईबापू, तुमी आत्ता विचारलं, मी आत्ता सांगतलं," काका म्हणाले. "मांगत होते तवा कुठं विचारलं?"

*

हा तिसरा मामांनी स्वतः मला मागे एकदा सांगितला होता, शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते, म्हणून त्या दिवशी मीच तो सगळ्यांना सांगितला.

मामा लहान असताना पावसाळ्याच्या मध्यावर एखाद्या दिवशी घरात भात शिजत नसे. आजी वाळवलेली मोहफुलं उकडायची, त्यात जवस कुटून घालायची, मुलांना ओळीनं बसवायची आणि म्हणायची, "आज मोहाचा सन हाये. आज भात खात नसतेत." मुलं खूश. आंघोळ करून, केस विंचरून सणाला बसायची. आजी आपल्या वाट्याचंही त्यांच्याच ताटात टाकायची. म्हणायची, "माहा आज उपास."

मामांना कितीतरी वर्षं हा सण खरा वाटत होता. एका दिवशी त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं, "तुमच्या घरी नाही का आज मोहाचा सन?"

तो म्हणाला, "नाही. आमच्या घरी तांदूळ हायेत."

किस्सा संपला. सुनंदा वाटी घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

*

रविवारी सकाळी मामांचे चुलत भाऊ डोमामामा आले. त्यांचा किस्सा कळायला आमच्याकडची रीत ठाऊक हवी. घरातलं कोणी गेलं की अस्थी घेऊन काशीला जायचं, आणि तिथे पंड्यासमोर, म्हणजे घाटावरच्या पुरोहितासमोर, गंगेत उभं राहून खाण्यातली एक आवडती वस्तू जन्मभरासाठी सोडायची. सोडलेली वस्तू ताटात आली तर मुकाट्यानं बाजूला सारायची. तिचा बोभाटा केला तर सोडल्याचं पुण्य जातं म्हणतात.

"पंडा म्हने, काय सोडता?" डोमामामा सांगू लागले. "मी लय विचार केला. वांगं सोडावं त वांग्याबिगर जमत नाही. मंग म्हटलं, सेप सोडतो! सेप म्हनजे सफरचंद. करडीत तवा कोनं पाह्यलं होतं सफरचंद? पंडा बी खूश, मी बी खूश."

"मंग?"

"मंग काय! मांगच्या साली माहा अपेंडिक्सचं आपरेशन झालं. जो येते तो सफरचंदाची थैली घेऊन येते! उशाशी ढीग. नर्स म्हने, आजोबा, खात काहून नाही? आता तिले काय सांगू? देवाले फसवाले गेलो, त्यानं बराबर दवाखान्यात गाठलं!"

सगळे हसले. मामाही हसले, खोकला येईपर्यंत. प्रकाश त्यांची पाठ चोळत म्हणाला, "आमच्या बाबानं त खरंच आवडीची वस्तू सोडली, काका. सात्या."

सात्या म्हणजे पावसाळ्यात जंगलातल्या वारुळांवर उगवतात त्या पांढऱ्या छत्र्या, अळंबी. मटणाला मागे सारतील अशी भाजी होते, पण सापडल्या तर ओंजळभर. मामांना त्यांची जागा अचूक कळायची. भल्या पहाटे जाऊन आणायचे, स्वतः निवडून धुवायचे. आणि मामी वाढायला आल्या की ताटावर आडवा हात धरायचे. "मले नको. काशीले सोडली ना मी!" मीही त्या पंगतीला बसलेलो आहे. त्या सात्या आम्ही मुलांनी आणि मामींनी खाल्ल्या. एरवी रीतभात काटेकोर पाळणारे मामा, एवढी एक गोष्ट मात्र दर पावसाळ्यात मोठ्यानं सांगायचे.

*

शेवटचा किस्सा ऐकलेला नाही. तो माझ्या समोर घडला, त्याच रविवारी दुपारी.

अड्याळहून सरूमावशी आली. मामांची धाकटी, आता राहिलेली एकच बहीण. डोक्यावर पाटी, पाटीवर पळसाची पानं झाकलेली. दारातूनच म्हणाली, "दादा, पाह्य काय आनलं! सात्या!"

सुनंदा गडबडीनं पुढे झाली. "आत्याबाई, बाबाइनं सात्या काशीले सोडल्या हायेत."

"कोनं सांगतलं?"

"बाबाच म्हनतेत ना!"

मावशीनं पाटी खाली ठेवली. "अवं, बाच्या अस्थी घेऊन मीच गेली होती याच्यासंगं. गंगेत बाजूले उभी होती मी! पंड्यानं विचारलं, यानं लवकी सोडली. घरी येऊन वहिनीले सांगतलं बी मी, का आता लवकी रांधू नको म्हनून."

खाटेजवळच्या स्टुलावर लवकीची वाटी होती. सुनंदानं ती उचलली आणि पदराआड धरली.

"दादा," मावशी खाटेच्या कडेला बसली, "लवकी सोडली त लवकी सोडली. पन सात्या काहून नाही खाल्ल्या रे इतके वर्ष? लहानपनी त माह्या ताटातल्या पळवे तू!"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग मामी भाजी घेऊन यायच्या त्या चुलीकडच्या दाराकडे पाहिलं.

"एवढ्याशाच भेटत होत्या," ते म्हणाले.

मावशीनं पाटीवरचं पान बाजूला केलं. पाटी काठोकाठ भरलेली होती. मामा कोपरावर रेटा देत उठून बसले, वाकून पाटीत बराच वेळ पाहत राहिले.

"सगळ्याइले पुरतीन," ते म्हणाले. "मले बी वाढ."