नवसाच्या दोन वेण्या

दिवाळी सरली आणि थंडीनं नवेगाव बांधच्या तलावावरून गावाकडे पाय वळवला. सकाळी धुकं असं दाट, की समोरच्या बांधीत धान कापणारा माणूस खोकल्यावरून ओळखावा. दुर्गेश्वरीनं अंगणात सडा टाकला, चूल पेटवली, धानाच्या तणसाच्या ढिगावरून कोंबड्या हाकलल्या आणि मग सकाळचं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. पोराच्या वेण्या.

पोरगा साडेतीन वर्षांचा. नाव हिमांशू. केस कमरेपर्यंत. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी. रस्त्यानं जाताना नवखा माणूस "मोठी गोड पोरगी आहे" म्हणाला, की हिमांशू छाती काढून सांगे, "मी पोट्टी नाई. मी नवस आहो!"

नवस त्याच्या आजीचा, अनुसयाबाईचा. सुनेची कूस दोन-तीन वर्षं उजवली नाही, तेव्हा ती प्रतापगडच्या महादेवाला बोलून आली होती, की नातू झाला तर जन्मापासून त्याच्या केसाला कात्री लावणार नाही, शिवरात्रीच्या जत्रेत तुझ्याच पायथ्याशी उतरवीन. नातू झाला. पहिल्या शिवरात्रीला त्याला ताप आला. पुढच्या खेपेला धाकट्या रुचीच्या वेळी दुर्गेश्वरीला नववा महिना. आणि गेल्या शिवरात्रीला गाडी ठरली, शिदोरी बांधली, तर भाऊकीतला दुधराम बुढा नेमका आदल्या संध्याकाळी गेला. सुतक लागलं.

"साऱ्या जनमात दुधराम कधी येळेवर आला नाई," अनुसयाबाई म्हणाली होती, "अन् मराले बरा येळेवर मेला."

महादेव वाट पाहत राहिला, केस वाढत राहिले. आणि त्या केसांत पावसाळ्यापासून उवा नांदायला आल्या.

नांदेनात का, असं एखादी म्हणाली असती. पण गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या रीता म्याडम हिमांशूला हाताला धरून परत घेऊन आल्या होत्या. त्याच्यामागे रुची, भावाच्या सदऱ्याचं टोक धरून. रुचीचं वय अजून अंगणवाडीत बसत नव्हतं. भावाचं शेपूट म्हणून ती तिथं बसायची.

"वहिनी, राग नका मानू," रीता म्याडम म्हणाल्या, "पण याच्या बाजूले बसणारे सारे पोट्टे खाजवून राहिले. कालपासून मीही. याचं डोस्कं साफ करा, मग धाडा."

अंगणवाडीचा वेळ हाच दुर्गेश्वरीचं खरं धन होतं. घरामागच्या वाडीत तिनं वांगी, मुळा, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता. पोरं अंगणवाडीत गेली की ती वाडीत शिरायची, पाणी द्यायची, जुड्या बांधायची आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन नवेगावला जायची. ती वाडी तिची एकटीची होती. नवऱ्याला, लीलाधरला, धानाच्या बांधीपलीकडे काही दिसत नव्हतं. अनुसयाबाईचे गुडघे असे, की ती बसली की बसली. पोरांच्या मागं धावणार कोण?

पोरं घरी राहिली त्या पहिल्याच सकाळी हिमांशूनं मुळ्याची सारी ओळ उपटली, मुळे किती मोठे झाले ते पाहिलं, आणि एकेक रोप होतं तिथं नीट खोचून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळी ओळ माना टाकून पडली, तेव्हा तो फार काळजीनं म्हणाला, "आई, मुळ्याले ताप आला."

त्याच संध्याकाळी दुर्गेश्वरीनं सासूपुढे विषय काढला. सासूला ती गावच्या रीतीनं मामीजी म्हणायची.

"मामीजी, केस कापून टाकू जी याचे. सुकराम न्हाव्याले बोलावतो."

अनुसयाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"तुले देवानं अक्कल देल्ली का नाई व? कबूल केलेले केस आहेत ते. देवाचे."

"केस देवाचे, पण उवा तं आपल्या आहेत ना!"

"शिवरात्रीपोत थांब."

"तवर माही वाडी राहीन का? म्याडम घेत नाई त्याले."

"म्याडमले काय कळते नवसातलं?" अनुसयाबाईनं सूप पाखडलं. "अन् माह्या डोस्क्यात या उमरीपोत एक ऊ नाई पडली. तेल लावाव, इंचराव, झालं. आजकालच्या बायाले इंचराले जिवावर येते."

हा अनुसयाबाईचा जुना अभिमान. तिचे केस अजून मनगटाएवढे होते, पांढरे पण दाट, रोज तेल लावून घट्ट बांधलेले. गावात कुणाच्या सुनेच्या डोक्यात ऊ निघाली, की अनुसयाबाईचं डोकं उदाहरण म्हणून दिलं जाई. बहुतेक वेळा ते अनुसयाबाईच देत असे.

लीलाधर खाटेवर बसून विळ्याला धार लावत होता. दुर्गेश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमी तं बोला जी काही."

"मी काय बोलू?" दोन बैलांच्या मानेवरच्या जुवासारखा तो दोघींच्या मध्ये पडून राहिला. "दोघीचंही बरोबर आहे." एवढं बोलून तो धार नसलेल्या बाजूनंही विळा घासू लागला.

मग उपाय सुरू झाले. कडुनिंबाचा पाला उकळला, करंजीचं तेल चोळलं. मेडिकलमधलं औषध अनुसयाबाईनं दारातूनच परत पाठवलं. देवाच्या केसाला जहर लावतात का? राहिली बारीक दातांची फणी. तिच्यातही अडचण होती. सोमवार महादेवाचा वार, त्या दिवशी त्याच्या केसातला जीव मारायचा नाही, असा नियम अनुसयाबाईनं ऐनवेळी काढला. त्यामुळे सोमवारी सापडलेली ऊ दुर्गेश्वरीनं उचलून वाटीतल्या पाण्यात न टाकता कुंपणापलीकडे सोडायची. फणी डोक्याला लागताच हिमांशू असा काही बोंबलायचा, की शेजारचा कुत्रा येऊन बघून जाई. निम्म्या वेण्या झाल्या की तो तणसाच्या ढिगावर चढून बसायचा, आणि खालून आई, आजी आणि रुची त्याला गुळाचा खडा दाखवत उभ्या राहायच्या.

एका रात्री जेवणं झाल्यावर रुचीही डोकं खाजवू लागली. दोन्ही पोरं एकाच गोधडीत झोपायची. दुर्गेश्वरीनं हिमांशूला उचललं आणि सासूच्या खाटेवर नेऊन ठेवलं.

"मामीजी, तुमच्या नातवाले थंडी वाजून राहिली. तुमच्याजवर झोपवा."

"ये माह्या राजा," म्हणत अनुसयाबाईनं नवस कुशीत ओढला आणि वेण्या गळ्याभोवती घेऊन झोपली.

दुर्गेश्वरीच्या मनात पाप होतं का? रुचीला वाचवायचं होतं, हे खरं. पण परत येऊन पडताना तिनं अंधारात एक लहानसं हसू गिळलं, हेही खरं.

आठ दिवसांत गावची मंडई आली. दिवाळीनंतर इकडं गावोगावी मंडई भरते. चिवड्याची, खेळण्यांची दुकानं, आकाशपाळणा, दंडारीच्या नाचगाण्याचा ढोल आणि घरोघरी पाहुणे. दुर्गेश्वरीची आई सुशिलाबाई दुपारीच आली. विहिणी-विहिणी नटून मंडईत जाऊन बसल्या. अनुसयाबाई नवं हिरवं लुगडं नेसली होती. भोवती गावातल्या बायांचा घोळका. दंडार रंगात आली होती, पण दुर्गेश्वरीचं लक्ष दंडारीकडे नव्हतं. सासूचा हात हळूच अंबाड्याकडे जात होता. गेला, थांबला, परत आला. पुन्हा गेला. ढोल जोरात वाजला तेव्हा सासूनं संधी साधून कचाकचा खाजवलं.

सुशिलाबाई तशी सरळ बाई होती. सरळ म्हणजे तोंडाला येईल ते सरळ बोलणारी.

"इहीनबाई," ती वाकून म्हणाली, "तुमच्या खांद्यावर काय चालून राहिलं जी?"

नेमका त्याच क्षणी ढोल थांबला.

साऱ्या बाया वळल्या. हिरव्या लुगड्यावरून एक काळी, भरल्या पोटाची ऊ सावकाश चालली होती, मंडई बघायला आल्यासारखी.

"मुंगी असन," अनुसयाबाई म्हणाली.

"नाई जी, मुंगी अशी नाई चालत. मुंगीले घाई रायते," सुशिलाबाईनं ऊ चिमटीत धरून उजेडात नेली. "ऊच होय. चांगली खातीपिती आहे."

घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "पण तुमच्या तं डोस्क्यात पडत नाई ना, मावशी?" आणि बायांनी तोंडावर पदर घेतले. पदरानं हसू झाकता येतं, खांदे झाकता येत नाहीत. सगळे खांदे हलत होते.

अनुसयाबाई उठली. गुडघे तसे असूनही उठली. तडक घराकडे निघाली. मागून चालणाऱ्या दुर्गेश्वरीला पहिल्यांदा भीती वाटली, आणि मग वाईटही वाटलं. म्हातारीचा एवढा एकच तोरा होता. तो आपल्या आईनं चिमटीत धरून गावाला दाखवला. आणि चिमटीपर्यंत तो पोचवला होता लेकीनंच.

सपरीत, म्हणजे ओसरीवर, खाटेवर बसून अनुसयाबाईनं विचारलं, "तू मुद्दाम झोपवलं ना त्याले माह्याजवर?"

दुर्गेश्वरीनं खाली पाहिलं. "रुचीले खाजवत होतं, मामीजी. अन्... थोडं मुद्दामही."

सासूनं अंबाड्यात बोटं घातली. नुसती खाजवत राहिली. मग म्हणाली, "बरी हिकमती आहेस. तुह्या मायचं तोंड अन् तुही अक्कल, दोन्ही माह्याच घरी यायचं होतं." आणि थोड्या वेळानं, "हे रात्रभर असंच चावते का व?"

"हो जी."

"मंग लेकरू कसं सोसत असन?"

 तो प्रश्न आपोआप काम करत होता.

सकाळी धुक्यातच अनुसयाबाई सुनेला घेऊन बोडीच्या पाण्याकाठच्या महादेवाकडे गेली. पिंडीवर बेलाचं पान चिकटवलं. पान पडलं तर देवाचा होकार, ही रीत. मग ती समोर बसली आणि घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलू लागली.

"पाह्य गा महादेवा. केस तुहे आहेत, मी नाई म्हनत नाई. पण तुह्या जटेत गंगा वाहते, तुह्या गऱ्यात नाग आहे, तुले उवा खपतीन. आमाले नाई खपत. केस उतरवतो, हरदीच्या फडक्यात बांधून ठेवतो, शिवरात्रीले तुह्या पायापाशी आनतो. अन् एक शेंडी ठेवतो, ते तठीच उतरवीन. बोल, होव का नाई?"

पान हललं नाही. दहिवरानं पिंडीला घट्ट चिकटलं होतं. अनुसयाबाईनं वाट पाहिली, डावीकडे खाजवलं, उजवीकडे खाजवलं. मग तांब्या उचलला.

"थंडीनं आखडला असन," असं म्हणून तिनं भरला तांब्या पिंडीवर ओतला. पान पाण्याबरोबर घरंगळत खाली आलं.

"पाह्य. होव म्हनला."

दुर्गेश्वरीनं हात जोडले. देवापुढं सुनेनं जास्त बोलू नये.

सुकराम न्हावी पेटी घेऊन आला. वेण्या सोडून त्यानं केसात नुसतं डोकावलं आणि दोन पावलं मागं सरला.

"वहिनी, मशीन नाई लावत मी. याच्यातल्या मशीनमंदी गेल्या तं साऱ्या गावाले वाटत फिरीन. कैचीनं कापतो."

आणि आता नवसच बिथरला. "मले नाई कापायचे! माह्या रिबिनी!" हिमांशू तणसाच्या ढिगावर जाऊन बसला. गुळाचा खडा चालला नाही. लीलाधरनं बांधीत न्यायचं, बैलावर बसवायचं कबूल केलं, तेही चाललं नाही. शेवटी अनुसयाबाई ढिगाखाली उभी राहिली, त्याला दाखवत अंबाडा सोडून तिनंही डोकं खाजवलं आणि वर पाहून म्हणाली, "तुह्या रिबिनी शेंडीले बांधू. दोन्ही. चालते का?"

नवसानं विचार केला. "एक रुचीले देतो," म्हणाला आणि घसरत खाली आला.

तासाभरात केस उतरले. डोक्यावर मधोमध एक शेंडी राहिली, तिला लाल रिबीन, मक्याच्या कणसासारखी. अनुसयाबाईनं केस हळदीच्या फडक्यात बांधले आणि देवाच्या खुंटीला अडकवायला निघाली.

"मामीजी, अंदर नका जी! देवाच्या डोस्क्यात पडतीन."

अनुसयाबाई थबकली. मग ते पिवळं गाठोडं अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाला, लोंबत्या शेंगांच्या मधोमध टांगलं गेलं. दोन दिवस कावळेही त्या फांदीवर बसले नाहीत.

सोमवारी रीता म्याडमनं हिमांशूचं डोकं उन्हात धरून पुढून-मागून पाहिलं आणि "बस आत" म्हटलं. भावामागं सदऱ्याचं टोक धरून रुची आत गेली. फणीनं साफ केलेल्या तिच्या केसाला दुसरी लाल रिबीन होती.

दुर्गेश्वरी घरी आली. वाडीत शिरली. धुकं विरत होतं, सांभाराच्या पानावर दहिवर होतं, आणि कुणी काही उपटत नव्हतं. एवढी शांतता, की तिला क्षणभर सुचेना काय करावं. मोकळे हात आपोआप वर गेले आणि बोटं डोक्यात शिरली. कानामागं. मग मानेवर.

सपरीतून आवाज आला. "दुर्गे! फणी आन व. आधी माहं पाह्य, मंग तुहं मी पाहतो."

"आज सोमवार आहे जी, मामीजी!"

खाट करकरली. मग, "ते देवाच्या केसासाठी होतं. माह्यासाठी नाई. आन लवकर."

"सांभाराच्या जुड्या बांधून येतो," दुर्गेश्वरी ओरडली, आणि खाली बसून तिनं पहिली जुडी हातात घेतली.